सेकंडहँड कयाक कोणाची आणि किती जुनी: ओळख पटवण्याची रीत

आपण कळवलेली हकिगत थोडक्यात अशी आहे. मालवणला जलक्रीडेचा व्यवसाय बंद करणाऱ्या एका गृहस्थाकडून आपण लाल रंगाची, एका माणसाने आत बसून वल्हवायची प्लॅस्टिकची कयाक विकत घेतली, टेम्पोत घालून गगनबावड्यामार्गे कोल्हापुरात आणली आणि सध्या ती कसबा बावड्यातल्या घरामागे पत्र्याखाली ठेवली आहे. तिच्यावर कंपनीचे नाव नाही आणि एकही अखंड स्टिकर नाही. विकणाऱ्याने ‘जर्मन माल आहे, पाच वर्षे वापरली आहे’ एवढेच सांगितले. लांबी ३६६ सेंटीमीटर, रुंदी ७१ सेंटीमीटर आणि वजन साधारण २२ किलो भरते. पाय टेकायच्या पट्टीच्या बोल्टवर सहा एमएमचा नट चढत नाही. मागच्या टोकाजवळ उजव्या अंगाला काही पुसट अक्षरे आहेत आणि त्यांतले शेवटचे दोन आकडे शून्य-सहा किंवा शून्य-आठ असावेत असे आपल्याला वाटते. ही कयाक कोणी बनवली, ती किती जुनी आहे आणि पाण्यात उतरवण्याजोगी आहे का, हे आपले प्रश्न आहेत.

उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये मी बावीस वर्षे फायबरच्या आणि प्लॅस्टिकच्या होड्या दुरुस्त करत आलो आहे आणि हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. दुरुस्तीला हात लावण्याआधी ओळख पटवावीच लागते, कारण कोणते प्लॅस्टिक, कोणता काळ आणि कोणत्या पद्धतीची घडण हे कळल्याशिवाय तडा कशाने सांधायचा ते ठरत नाही. यात मी एक नियम कसोशीने पाळतो. जे होडीच्या अंगातच साच्यातून उमटले आहे त्याला सर्वांत जास्त वजन द्यावे, जे नंतर स्क्रूने बसवले आहे त्याला त्याहून कमी, जे वरून चिकटवले आहे त्याला आणखी कमी, आणि जे तोंडी सांगितले आहे ते शेवटी पडताळून पाहावे. आपल्याकडे पहिल्या प्रकारचा पुरावा आहे असे दिसते, म्हणून सुरुवात त्या पुसट अक्षरांपासून करू.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या होड्यांवर, कयाक धरून, १ नोव्हेंबर १९७२ पासून बारा अक्षरांचा हल आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे होडीचा ओळख क्रमांक, घालणे बंधनकारक आहे. त्याची जागाही ठरलेली आहे. होडीच्या मागे उभे राहून पुढे पाहिले असता उजव्या हाताला, मागच्या टोकापासून एक फुटाच्या आत आणि वरच्या कडेजवळ तो असतो. अक्षरांची उंची निदान पाव इंच असावी लागते. आपण सांगितलेली जागा याच्याशी तंतोतंत जुळते, त्यामुळे ही अक्षरे म्हणजे कोणी खिळ्याने कोरलेले आडनाव नसून हाच क्रमांक असण्याचा संभव मोठा आहे.

तो वाचण्यासाठी घाई करू नये. पॉलिश पेपर, थिनर आणि तारेचा ब्रश यांना त्या जागेच्या जवळसुद्धा आणू नका, कारण अक्षरांची खोली अनेकदा नखाला जेमतेम जाणवेल इतकीच असते आणि एकदा घासली की ती कायमची जाते. साध्या पाण्याने व मऊ फडक्याने जागा पुसून पूर्ण वाळू द्या. मग रात्री दिवे बंद करून टॉर्च होडीच्या अंगाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि सावकाश गोल फिरवा. समोरून पडणाऱ्या उजेडात जे काहीच दिसत नाही ते आडव्या उजेडात सावली टाकते. एका कोनात उभ्या रेघा उठतात, दुसऱ्या कोनात आडव्या, आणि दोन्ही मिळून अक्षर पुरे होते. त्यानंतर खडूची बारीक पूड बोटाने चोळून वरची पुसून घ्या, म्हणजे ती खळग्यांत राहील. शेवटी त्या जागेवर बटर पेपर ताणून धरा आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा, लहान मुले नाण्याचा छाप कागदावर उतरवतात तसे. २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे आलेल्या एका होडीवरचा क्रमांक मला आधी दोनदा प्रयत्न करूनही लागला नव्हता. पुराचा गाळ अक्षरांत बसून वाळला होता आणि धुण्याआधी शेवटचे म्हणून पाहिले तर लाल प्लॅस्टिकवर करड्या रंगात सगळी बारा अक्षरे स्वच्छ दिसत होती. तेव्हापासून कोणतीही होडी पहिल्यांदा धुण्याआधी मी तिच्या मागच्या टोकाचे फोटो काढतो.

आता क्रमांक उलगडायचा कसा ते उदाहरणाने सांगतो. समजा अक्षरे अशी आली: एक्स-टी-सी-४०७१८-एल-५०६. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची आहेत. एक्स-टी-सी हा अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओल्ड टाउन या कंपनीचा संकेत आहे. पुढची पाच अक्षरे त्या होडीचा अनुक्रमांक आहेत. नवव्या जागी महिना असतो, तो ए म्हणजे जानेवारी येथपासून एल म्हणजे डिसेंबर येथपर्यंत. दहाव्या जागी उत्पादनाच्या वर्षाचा शेवटचा अंक आणि अखेरच्या दोन जागी मॉडेलचे वर्ष असते. म्हणजे ही होडी डिसेंबर २००५ मध्ये घडली आणि २००६ चे मॉडेल म्हणून विकली गेली. पुढच्या वर्षीचे मॉडेल आधीच्या वर्षाच्या उत्तरार्धातच बाजारात यायला लागत असल्यामुळे या दोन वर्षांत एकाचा फरक वारंवार दिसतो आणि त्यात संशयास्पद असे काही नाही.

ही रचना १ ऑगस्ट १९८४ पासूनची आहे. त्याआधी दोन रीती चालत. एकीत शेवटच्या चार जागी थेट महिना आणि वर्ष येई, उदाहरणार्थ ०९७८ म्हणजे सप्टेंबर १९७८. दुसरीत नवव्या जागी एम हे अक्षर, मग मॉडेल वर्षाचे दोन अंक आणि शेवटी महिन्याचे अक्षर असे. या रीतीत महिन्यांची मोजणी ऑगस्टपासून सुरू होते आणि येथेच पुष्कळ लोक चुकतात. एम-८०-सी याचा अर्थ मार्च १९८० असा नसून १९८० च्या मॉडेलची, ऑक्टोबर १९७९ मध्ये घडलेली होडी असा आहे. नव्या रीतीत महिन्याचे अक्षर एलच्या पुढे जात नाही, त्यामुळे नवव्या जागी एम दिसला की होडी जुन्या पद्धतीची आहे हे लगेच ठरते.

आपल्या शून्य-सहा आणि शून्य-आठ या शंकेचे उत्तर याच क्रमांकात आहे. त्यांच्या आधीचा, म्हणजे दहावा अंक नीट पाहा. तो पाच किंवा सहा असेल तर मॉडेल २००६ चे आणि सात किंवा आठ असेल तर २००८ चे. तोही सहा की आठ असा संदिग्ध राहिला तर अनुक्रमांकात दुसरीकडे कोठे सहा किंवा आठ आला आहे का ते शोधून दोन्हींच्या वळणांची तुलना करा, कारण अंक बहुधा एकाच संचातले असतात. अनुक्रमांकाच्या पाच जागांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. तेथे गोल दिसले तर ते शून्य आणि उभी रेघ दिसली तर तो एक, असे निःशंकपणे धरावे.

क्रमांकाच्या आधी दोन अक्षरे आणि आडवी रेघ असेल तर ती देशाची खूण असते, जसे यूएस, डीई किंवा सीएन. युरोपातही अशाच चौदा अक्षरांच्या क्रमांकाची पद्धत आहे. मात्र केवळ माणसाच्या बळावर चालणाऱ्या कॅनू आणि कयाक यांना युरोपीय संघाचे मनोरंजन-होड्यांविषयीचे निर्देश लागू होत नाहीत, त्यामुळे अस्सल युरोपीय कयाकवर क्रमांक नसणे ही खोट मानू नये. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या कयाकवर मात्र तो असलाच पाहिजे, आणि १९८४ नंतरच्या होडीत त्याची दुसरी प्रत सहज न दिसणाऱ्या जागी, आतल्या बाजूला किंवा एखाद्या जोडभागाखाली असते. बाहेरचा क्रमांक कोणी मुद्दाम खरवडल्यासारखा वाटला तर ही दुसरी जागा शोधावी आणि होडीचा मागचा मालक कोण हे लेखी घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.

पहिल्या तीन अक्षरांचा संकेत कोणाचा आहे हे अमेरिकी कोस्ट गार्डच्या खुल्या यादीत शोधता येते. तेथे मिळालेले नाव कारखान्याचेच असेल असे नाही, कारण परदेशात बनवून अमेरिकेत आणलेल्या होडीसाठी हा संकेत आयातदार घेतो. शिवाय या धंद्यात नावे आणि साचे हात बदलत राहतात. पर्सेप्शन, डॅगर आणि वाइल्डरनेस सिस्टिम्स ही एके काळी परस्परांशी स्पर्धा करणारी नावे कॉन्फ्लुएन्स या एकाच छत्राखाली गेली आणि तो सगळा पसारा २०१९ मध्ये पेलिकनने घेतला. त्यामुळे ‘कोणी बनवली’ या प्रश्नाला कधी कधी तीन उत्तरे असतात: आराखडा कोणाचा, साच्यातून काढली कोणी आणि विकली कोणाच्या नावाने. ही तिन्ही उत्तरे वेगवेगळी लिहून ठेवावीत.

क्रमांक अर्धवटच लागला तर पुढचे पुरावे कामाला येतात आणि त्यांत पहिला मान द्रव्याचा. कॉकपिटच्या, म्हणजे आत बसायच्या तोंडाच्या, कडेला आतल्या बाजूने सांध्याची जी बारीक पापडी असते तिच्यातून भाताच्या शिताएवढा तुकडा धारदार चाकूने काढा. पेल्यात पाणी घेऊन त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे पृष्ठताणामुळे फसगत होणार नाही, आणि तुकडा बुडवून सोडा. वर आला तर पॉलिथिलीन, कारण त्याची घनता पाण्याहून कमी असते. एबीएस नावाचे कडक प्लॅस्टिक आणि फायबर बुडतात. बुडालेला तुकडा मिठाच्या दाट पाण्यात तरंगला तर तो एबीएस असण्याचा संभव आहे. फायबर तेथेही तळ गाठते.

आपली कयाक बहुधा पॉलिथिलीनची निघेल. गच्चीवरची काळी पाण्याची टाकी ज्या पद्धतीने घडते त्याच पद्धतीने अशा कयाक घडतात. पोकळ साच्यात प्लॅस्टिकची पूड घालतात, साचा तापवत दोन दिशांनी फिरवतात आणि पूड वितळून आतल्या भिंतींना सारखी चिकटते. या पद्धतीची पहिली कयाक म्हणून अमेरिकेतल्या हॉलोफॉर्म कंपनीच्या रिव्हर चेझरचे नाव घेतले जाते आणि ती १९७० च्या दशकातली आहे. त्यामुळे ओतीव प्लॅस्टिकची कयाक १९६० ची आहे असे कोणी म्हणाले तर तेथेच थांबावे. या पॉलिथिलीनच्या दोन जाती आहेत. साधे, म्हणजे लिनिअर पॉलिथिलीन, तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने वितळते आणि टोक उचलले की पाकासारखी तार येते. क्रॉसलिंक जातीचे मऊ पडते, काळवंडते, पण तार येत नाही. पहिल्या जातीला प्लॅस्टिक वेल्डिंग बसते, दुसरीला बसत नाही. जुन्या अमेरिकी कयाकमध्ये क्रॉसलिंक बराच आढळतो, पण केवळ त्यावरून साल ठरवू नये. ही परीक्षा मोकळ्या हवेत आणि काढलेल्या तुकड्यावरच करावी, होडीच्या अंगावर नव्हे.

यानंतर जोडभाग पाहावेत. आसन, हॅचचे (सामानाच्या कप्प्याच्या तोंडाचे) झाकण आणि पायपट्टीचे ठोकळे हे भाग बहुतेक वेळा दुसऱ्या साच्यांतून आलेले असतात आणि त्यांच्या मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक गोल खूण आढळते. कडेने एक ते बारा आकडे, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन अंगांना वर्षाचे दोन अंक. बाण ज्या आकड्याकडे रोखलेला आहे तो महिना. आसनाचे स्क्रू काढून ते उलटे करून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात, पण मला सर्वांत जास्त वेळा तारीख तेथेच मिळाली आहे. त्याच बाजूला पुनर्वापराचा त्रिकोण असेल तर तोही वाचा. बाणांचा त्रिकोण आणि आत अंक ही खूण १९८८ पासून वापरात आली, म्हणून ती असलेला भाग त्याआधीचा असू शकत नाही. २०१३ मध्ये तिच्या मानकात बदल होऊन बाणांऐवजी सलग रेषेचा त्रिकोण आला. सलग त्रिकोण दिसला तर भाग २०१३ नंतरचा. उलट बाणांचा दिसला म्हणून तो २०१३ च्या आधीचाच असे म्हणता येत नाही, कारण जुने साचे कोणी केवळ एका खुणेसाठी बदलत नाही.

जोडभागांवरून निष्कर्ष काढताना माझ्या हातून एकदा चूक झाली आहे आणि ती येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. सांगलीच्या एका गृहस्थांनी विकत घ्यायच्या आधी एक कयाक माझ्याकडे दाखवायला आणली. मी हॅचच्या झाकणावरची तारीख वाचली आणि होडी तीन वर्षांची आहे असे सांगून मोकळा झालो. माझ्या शब्दावर त्यांनी ती घेतली. पुढे आसन बदलताना आत लपलेला क्रमांक सापडला तेव्हा होडी त्याहून अकरा वर्षांनी जुनी निघाली. झाकण मधल्या मालकाने नवे बसवले होते. त्या व्यवहारातला तोटा मी भरून दिला, पण विश्वासाला गेलेला तडा त्याने भरला असे मी मानत नाही. म्हणून आता मी निदान तीन वेगवेगळ्या भागांच्या तारखा घेतो. तिन्ही काही महिन्यांच्या अंतरात आल्या तर होडी त्यांतल्या सर्वांत अलीकडच्या तारखेनंतर लवकरच जुळवली गेली असे समजतो. एखादी तारीख फटकून राहिली तर तो भाग बदललेला आहे का ते पाहतो. त्याच्या स्क्रूंच्या भोवती जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोके असतात, किंवा भागाखालचे प्लॅस्टिक आणि भागाभोवतीचे प्लॅस्टिक यांच्या रंगातला फरक त्याच्या कडांशी जुळत नाही.

बोल्टबद्दल आपण लिहिलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि कोल्हापुरात तिची शहानिशा करणे सोपे आहे, कारण आपल्याकडे कोणत्याही मशीन शॉपमध्ये थ्रेड गेज (आटे ताडून पाहायची पट्टी) आणि बारीक मापे घेणारा व्हर्निअर मिळतो. बोल्टचा व्यास ६.३ एमएमच्या आसपास आणि इंचात वीस आटे भरले तर तो पाव इंची बोल्ट आहे. पण पाव इंचीमध्येही अमेरिकी यूएनसी आणि ब्रिटिश व्हिटवर्थ या दोन्ही मानकांचे आटे इंचाला वीसच असतात. फरक आट्यांच्या कोनात आहे: अमेरिकी साठ अंशांचा आणि व्हिटवर्थ पंचावन्न अंशांचा. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत पाव इंची म्हणून जो बोल्ट मिळतो तो अजूनही अनेकदा व्हिटवर्थ असतो. म्हणजे गेज पंचावन्न अंशांचा बसला तर तो बोल्ट मालवणात किंवा अन्यत्र कोणी बदललेला असण्याची शक्यता धरावी लागेल आणि त्याचा पुरावा म्हणून उपयोग संपेल. साठ अंशांचा बसला आणि चुंबक चिकटला नाही, म्हणजे बोल्ट स्टेनलेसचा निघाला, तर तो मूळचा असण्याची शक्यता बळावते. लहान स्क्रूंच्या बाबतीत आणखी जपावे. अमेरिकी दहा नंबरचा बत्तीस आट्यांचा स्क्रू आणि मेट्रिक एम-५ यांच्या आट्यांची पट्टी जवळजवळ सारखी बसते, त्यामुळे तेथे आट्यांवर न जाता व्यास मोजावा. पहिला ४.८ एमएमच्या आसपास असतो आणि दुसरा पाचच्या जवळ.

मापांचाही असाच उपयोग होतो. लांबी मोजताना टेप डेकच्या, म्हणजे होडीच्या वरच्या पाठीच्या, वळणावरून नेऊ नका. होडी सपाट जमिनीवर ठेवून दोन्ही टोकांना ओळंबे सोडा आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधले अंतर घ्या. आपली ३६६ आणि ७१ ही मापे अशीच घेतली असतील तर त्यांचा अर्थ बरोबर १२ फूट आणि २८ इंच असा होतो. मेट्रिकमध्ये विचार करणारा आराखडाकार बहुधा ३६० किंवा ३६५ आणि ७० असे आकडे निवडतो. फूट-इंचांत पुरी पडणारी मापे आराखडा अमेरिकी गिऱ्हाइकासाठी केला गेल्याचे सुचवतात. घडण मात्र कोठेही झालेली असू शकते, कारण चीनमधल्या निंगबोच्या परिसरातले कारखाने अशाच मापांच्या कयाक वेगवेगळ्या नावांनी तयार करून देतात. संकेताची तीन अक्षरे लागली नाहीत तर लांबी, रुंदी, कॉकपिटच्या तोंडाची आतली लांबी-रुंदी आणि हॅचची संख्या ही मापे घेऊन कंपन्यांच्या जुन्या कॅटलॉगांतील तक्त्यांशी ताडून पाहावीत. कॉकपिटच्या तोंडाचे माप त्यांत सर्वांत उपयोगी पडते, कारण १२ फुटी कयाक असंख्य आहेत, पण तोंडाचा आकार आणि कडेची जाडी मॉडेलागणिक बदलते.

जर्मन मालाच्या दाव्याविषयी एवढेच सांगतो की जर्मनीत रोझेनहाइम येथील प्रियोन ही कंपनी ब्लो मोल्डिंगने केलेल्या पॉलिथिलीन कयाकसाठी ओळखली जाते आणि त्या पद्धतीत प्लॅस्टिकची गरम नळी साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये चिमटली जाते, त्याची खूण टोकांना राहते. घडी घालता येणाऱ्या कयाकसाठी प्रसिद्ध असलेली, १९०७ पासूनची परंपरा सांगणारी क्लेपरही त्याच गावची. आपल्याकडे ‘जर्मन’ हा शब्द विकणारे मजबुतीचे विशेषण म्हणून वापरतात आणि त्यामागे फसवणुकीचा हेतू असेलच असे नाही.

कागद असतील तर तेही पाहावेत. ज्या बिलावर जीएसटी क्रमांक आहे ते १ जुलै २०१७ नंतरचे. व्हॅट आणि टिन क्रमांक असलेले महाराष्ट्रातले बिल १ एप्रिल २००५ ते जून २०१७ या काळातले. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, त्यावरून होडी मालवणला येण्याआधी गोव्यात फिरली का तेही कळते. अर्धवट स्टिकरवर पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर तो बहुधा १९९५ च्या आधीचा आणि ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९९० नंतरचा नाही. आयात मालाच्या वेष्टनावरील पट्टीवर आयातदाराचे नाव आणि महिना-वर्ष द्यावे लागते, म्हणून मूळ वेष्टनाचा तुकडा कोणाकडे राहिला आहे का हे मालवणच्या गृहस्थांना जरूर विचारा. बिल विक्रीची तारीख सांगते, घडणीची नव्हे, हे मात्र विसरू नये.

तुकडा पाण्यात बुडाला आणि होडी फायबरची निघाली तर सगळी दिशाच बदलते, आणि कोल्हापूर-सांगली भागात हा प्रसंग बराच येतो म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. बाहेरून आलेल्या एखाद्या कयाकवर मेण लावून तिच्यावरूनच साचा काढायचा आणि त्यातून पाच-दहा प्रती पाडायच्या, हे काम अनेक ठिकाणी झाले आहे. अशी प्रत ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे तिने मूळ होडीच्या जखमा अंगावर घेतलेल्या असतात. माझ्या शेडमध्ये एकदा दोन वेगळ्या मालकांच्या दोन फायबर कयाक शेजारी शेजारी पडल्या होत्या. दोन्हींच्या डाव्या कुशीवर, पुढच्या टोकापासून सारख्याच अंतरावर, विळ्याच्या आकाराचा एकच ओरखडा होता, पण हात फिरवला तर जेलकोट (वरचा रंगीत थर) गुळगुळीत, खाली धागा कोठेही तुटलेला नाही. तो ओरखडा माझ्या शेडमध्ये कधीच न आलेल्या तिसऱ्या, मूळ होडीचा होता. चिकटवलेल्या नावाच्या पट्टीची जाडीसुद्धा अशा साच्यात उमटते आणि आडव्या उजेडात मूळ कंपनीचे नाव चौकटीसह वाचता येते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला दुसरी खूणही लगेच समजेल: कास्टिंगवरून पॅटर्न काढला की नवे कास्टिंग आक्रसते, तसेच पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आक्रसते आणि प्रत मुळापेक्षा किंचित लहान भरते. अशा होडीचा निर्माता लिहिताना ‘अमुक कंपनीच्या आराखड्याची स्थानिक प्रत’ असेच लिहावे. आतल्या बाजूने विणलेले कापड न दिसता नुसती तुकड्यांची मॅट दिसली आणि वजन कॅटलॉगपेक्षा पाच-सात किलो जास्त भरले तर प्रतीची शंका आणखी पक्की होते. पिवळट सोनेरी कापड, जे घासले की कापसासारखे पिंजते, ते केव्हलर नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याचे, आणि केव्हलर बाजारात आले तेच १९७० च्या दशकात.

शर्यतीच्या कयाकचे वय नियमांवरून कळते. स्प्रिंटच्या, म्हणजे संथ पाण्यातल्या सरळ शर्यतीच्या, एकेरी कयाकला किमान ५१ सेंटीमीटर रुंदीची अट होती, त्यामुळे जुन्या होड्यांना कॉकपिटच्या मागे पंखासारखी फुगीर रुंदी दिलेली असते. ही अट २००० च्या सिडनी ऑलिंपिकनंतर गेली आणि होड्या अरुंद झाल्या. स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यात खांबांमधून वळत जाण्याच्या शर्यतीच्या, कयाकची किमान लांबी २००५ मध्ये ४ मीटरवरून ३.५ मीटरवर आली. हवा भरायच्या कयाकवर छापील पट्टीच सर्व काही सांगते आणि ती पुसली असेल तर हवेच्या झडपेवरचे नाव वाचावे.

आता आपल्या कयाकविषयी माझे मत. जेवढे आपण कळवले आहे त्यावरून ती अमेरिकी बाजारासाठी आखलेली, ओतीव पॉलिथिलीनची, सहलीच्या वापराची कयाक आहे आणि शेवटचे आकडे आपण म्हणता तसे असतील तर ती २००५ ते २००८ या काळात घडलेली आहे. विकणाऱ्याने ‘पाच वर्षे वापरली’ असे म्हटले आहे, ‘पाच वर्षांची आहे’ असे नव्हे. त्यानेही ती कोणाकडून तरी वापरलेलीच घेतली असेल, म्हणून त्याला खोटे ठरवण्याचे कारण मला दिसत नाही. किनाऱ्यावरच्या उन्हात काढलेली वर्षे मात्र प्लॅस्टिक विसरत नाही. डेकवर ओला रुमाल घासून लाल पूड निघते का ते पाहा, कॉकपिटची कड दोन्ही हातांनी धरून हळूहळू वाकवा आणि कान देऊन ऐका. कड लवचिकपणे वळून परत आली तर ठीक. करकर आवाज आला किंवा वळणावर केसासारख्या पांढऱ्या रेघा उमटल्या तर प्लॅस्टिक ठिसूळ होऊ लागले आहे, आणि मग क्रमांक काहीही सांगो, ती खोल पाण्यात नेऊ नये. आसनाखाली आणि टोकांत तरंगण्यासाठी घातलेला फोम जागेवर आहे का, त्याचा चुरा झाला आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

बटर पेपरवरचा छाप घेतल्यावर त्याची घडी घालू नका, कारण घडीची रेघ एखाद्या अंकावरून गेली की पाचाचा सहा होतो. कागद नळीत गुंडाळून आणा, सोबत आसनाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि पायपट्टीचा एक बोल्ट आणा. थ्रेड गेज माझ्याकडे आहे.